गार्टर साप नर की मादी? शेपटी, कात आणि मोजपट्टीने कसं ओळखाल

गार्टर या उत्तर अमेरिकेतल्या, टाकीत पाळल्या जाणाऱ्या पट्टेदार सापाचा नर आणि मादी पाठीकडून जवळपास सारखेच दिसतात. पट्ट्यांचा रंग, जिभेची हालचाल, चिडका किंवा शांत स्वभाव, यांपैकी कशावरूनही लिंग सांगता येत नाही. म्हणूनच 'जोडी आहे' असं सांगून विकलेल्या दोन सापांत दोन्ही माद्या निघतात, नाहीतर 'दोन्ही नर आहेत' म्हणून एकत्र ठेवलेल्यांतला एक पिल्लं घालतो. खरी माहिती असते ती पोटाकडच्या बाजूला, गुदद्वारापासून शेपटीच्या टोकापर्यंत. ती वाचायला बहुतेक वेळा सळई लागत नाही, दाबावं लागत नाही आणि सापाला फार हातात धरावंही लागत नाही. एक अखंड कात आणि थोडा धीर असला की पुरतं.

हे आधीच कळलेलं बरं. गार्टर अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो आणि एका वेळी १० ते ४० पिल्लं होणं ही नेहमीची गोष्ट आहे. नर-मादी कायम एका टाकीत राहिले तर हंगामात नर मादीच्या पाठीवरून हटत नाही, ती ताणाखाली राहते आणि खाणं सोडते. शिवाय मादी नरापेक्षा लांब आणि चांगलीच जाड होते, त्यामुळे टाकीचा आकार आणि खाण्याचं प्रमाण दोन्ही बदलतात.

आधी साप गार्टरच आहे ना?

हा प्रश्न नागपुरात फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे शेतात, बागेत, अंबाझरी-गोरेवाड्याच्या गवतात दिसणारी नानेटी पट्ट्यांमुळे गार्टरसारखीच दिसते. ती गार्टरची लांबची नातेवाईकही आहे. कोणी स्वस्तात 'गार्टर' देत असेल तर तो साप नानेटी असण्याची शक्यता आधी तपासा. नानेटीच्या पाठीवर सहसा दोन पिवळट पट्टे असतात आणि पुढच्या भागात त्यांना छेदणाऱ्या काळ्या आडव्या खुणा असतात. कॉमन गार्टरमध्ये, म्हणजे थॅम्नोफिस सिर्टालिसमध्ये, बहुधा तीन पट्टे असतात: एक पाठीच्या मधोमध आणि दोन कुशींवर. पण रंगावर न थांबता पोट बघा. गुदद्वार झाकणारा शेवटचा रुंद खवला गार्टरमध्ये बहुधा एकसंध असतो. नानेटीत तो मधोमध तिरकस दुभंगलेला असतो. दिवडातही तो दुभंगलेलाच असतो. लिंग ओळखायलाही याच जागी बघायचं आहे, तेव्हा एका फोटोत दोन्ही कामं होतात.

साप नानेटी, दिवड किंवा इथला दुसरा कुठलाही निघाला तर पुढचं काहीही करू नका. भारतातले साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतात, ते घरी ठेवणं गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून साप त्यांच्या ताब्यात द्या. साप गार्टरच असेल तर खरेदीची पावती आणि मूळ आयातीचे कागद जपून ठेवा आणि त्यावर जातीचं पूर्ण शास्त्रीय नाव असू द्या. साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्या यादीत कोण आहे आणि कोण नाही, हे जातीवरून ठरतं.

शेपटीच्या आत काय असतं

सापाची शेपटी गुदद्वारापासून सुरू होते. नराला दोन हेमिपेनिस, म्हणजे जननेंद्रियं, असतात. एरवी ते मोज्याचा पाय आत उलटवून ठेवावा तसे शेपटीच्या मुळाशी आत वळलेले असतात आणि त्यांना मागे ओढून धरणारा स्नायू शेपटीच्या मणक्यांना जोडलेला असतो. या सगळ्याला जागा लागते. म्हणून नराची शेपटी मुळाशी जाड असते, ती जाडी बऱ्याच खवल्यांपर्यंत टिकते आणि एकूण शेपटीही लांब असते. मादीच्या शेपटीत हा ऐवज नसतो, त्यामुळे गुदद्वारानंतर ती लगेच निमुळती होते. गंधग्रंथी मात्र दोघांनाही असतात. साप हातात घेतल्यावर जो उग्र वास सुटतो तो त्यांचाच, त्यावरून काही ठरत नाही. मादीच्या शेपटीच्या मुळाशी या ग्रंथींमुळे थोडा फुगीरपणा दिसू शकतो, आणि घाईत बघणारा तिला नर समजून बसतो.

कधी तपासावं

एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५च्या घरात जातो. गार्टर हा उत्तर अमेरिकेतला, थंड हवेला सरावलेला साप आहे. टाकीची गरम बाजू २८ ते ३० अंश आणि थंड बाजू २२ ते २४ अंश एवढं त्याला मानवतं. ३२-३३ अंशांच्या खोलीत त्याला हातात धरून दहा मिनिटं मोजमाप करणं म्हणजे त्याचा जीव काढणं. उन्हाळ्यात हे काम सकाळी, कूलर चालू असलेल्या खोलीत करा. पण कूलरचा झोत थेट सापावर येऊ देऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलटी अडचण असते. साप गारठलेला असेल तर त्याचे स्नायू आखडलेले असतात, तेव्हा त्याला आधी टाकीतच ऊब घेऊ द्या.

खाल्ल्यानंतर किमान दोन-तीन दिवस हात लावू नका, नाहीतर तो खाल्लेलं ओकून टाकेल. डोळे निळसर-दुधाळ झाले असतील तर कात येते आहे, अशा वेळी कातडी नाजूक असते, म्हणून थांबा. पोट फुगलेली, गाभण वाटणारी मादी असेल तर फक्त डोळ्यांनी बघा.

पारदर्शक डब्यातून बघणं

झाकणाचा, तळ सपाट असलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. साप त्यात सोडा, डबा दोन स्टुलांवर किंवा दोन जाड पुस्तकांवर टेकवा आणि खालून मोबाइलने फोटो काढा. हातात धरलेला गार्टर शरीर पिळतो, त्यामुळे शेपटी नेमकी किती जाड आहे हे कळत नाही. डब्यात तो सरळ पसरतो. खालून उजेड कमी पडत असेल तर टॉर्च बाजूने धरा. समोरून धरली तर प्लास्टिकवर चमक येते.

फोटो मोठा करून आधी गुदद्वार शोधा. पोटावरचे खवले एकेरी आणि रुंद असतात. एका ठिकाणी ते संपतात आणि पुढे जोडीजोडीने बसलेले लहान खवले सुरू होतात. तो सांधा म्हणजे गुदद्वार. आता गुदद्वारापाशी शेपटी किती रुंद आहे ते बघा, आणि तिथून दहाव्या जोडीपाशी किती रुंद आहे ते बघा. दोन्ही ठिकाणी रुंदी जवळजवळ सारखी असेल, बाजूच्या कडा समांतर चालल्या असतील आणि शेपटी नंतरच हळूहळू बारीक होत असेल तर तो बहुधा नर. पाचव्या-सहाव्या जोडीपर्यंतच शेपटी झपाट्याने आत ओढली गेली असेल, आणि पोट जिथे संपतं तिथे शरीर व शेपटी यांत स्पष्ट पायरी दिसत असेल तर ती बहुधा मादी. लठ्ठ सापांत ही पायरी खोटी असते: चरबीमुळे पोट रुंद दिसतं, शेपटी तेवढीच राहते आणि नरही मादीसारखा दिसतो. म्हणून पोटाची नव्हे, शेपटीच्या दोन ठिकाणांची एकमेकांशी तुलना करा.

शेपटीचं टोक नीट पाहून घ्या. अखंड शेपटी एका टोकदार, शंकूसारख्या खवल्यात संपते. टोक बोथट असेल तर शेपटी कधीतरी तुटली आहे. गार्टरची शेपटी तुटते आणि पालीसारखी परत येत नाही. अशा सापाच्या बाबतीत लांबी आणि खवल्यांची संख्या दोन्ही निकामी ठरतात, फक्त मुळाकडचा आकार उरतो. शेपटीला धरून उचललेला गार्टर अंगाला गरागरा पीळ देतो, आणि शेपटी नेमकी अशानेच तुटते. तेव्हा साप उचलताना दोन्ही हातांनी शरीराला आधार द्या, शेपटी मोकळी सोडा.

कातीवरून मोजणी: सर्वांत भरवशाची घरगुती पद्धत

कातीवर खवल्यांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले असतात, आणि सापाला हात न लावता ते सावकाश मोजता येतात. गुदद्वारामागच्या जोड्यांची संख्या सापाच्या वयाने बदलत नाही. पिल्लात जेवढ्या, तेवढ्याच म्हाताऱ्या सापात.

अडचण एकच: कात अखंड हवी, आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती तुकड्यांनी निघते. डोळे दुधाळ दिसू लागले की टाकीत एक ओला डबा ठेवा. झाकणाला साप जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओलसर कोकोपीट किंवा मॉस भरा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये, एवढाच ओलावा. संपूर्ण टाकी मात्र ओली करू नका. गार्टरला सतत ओल्या जमिनीवर ठेवलं तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांत कात पडते. पडली की लगेच उचला, नाहीतर साप तिच्यावरून फिरून चुरा करतो.

वाळून कडक झालेली कात कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला तर चिकटलेले पदर सुटतात. कात ओठांपासून उलटी होत निघते, त्यामुळे हातात आलेली नळी आतली बाजू बाहेर अशी असते. शेपटीचं टोक बरेचदा आतच अडकून राहतं. ते बोटाने न ओढता काडीच्या बोथट टोकाने हलकेच बाहेर ढकला. छोट्या कात्रीने पाठीच्या बाजूने चीर द्या, पोटाची बाजू शाबूत राहिली पाहिजे. मग ती काळ्या कागदावर सपाट पसरा, वर वर्तमानपत्र आणि एक जाड पुस्तक ठेवून वाळू द्या.

मोजताना शेपटीकडच्या भागाखालून उजेड सोडा. मोबाइलचा पांढरा स्क्रीनही चालतो. गुदद्वार झाकणारा एकसंध खवला मोजायचा नाही. त्याच्या मागे ज्या पहिल्या जोडीतले दोन खवले मध्यरेषेवर एकमेकांना टेकतात, तिथून १ धरा. एकाच बाजूचे खवले मोजत टोकापर्यंत जा. टोकाचा शंकू धरू नका. दर दहाव्या खवल्यावर पेनने ठिपका द्या, नाहीतर चाळीस खवल्यांनंतर नजर हमखास घसरते. मग दुसऱ्या बाजूने मोजा. दोन्ही बाजूंत एक-दोनचा फरक आला तर चालेल, जास्त आला तर कुठेतरी घडी पडली आहे.

आता आकड्याचा अर्थ. कॉमन गार्टरमध्ये ही संख्या साधारण पन्नाशीपासून नव्वदीपर्यंत कुठेही असू शकते, कारण उपजातीगणिक ती बदलते. त्यामुळे '७० आले म्हणजे नर' असा सरसकट नियम लावू नका. एकाच उपजातीत, आणि शक्यतो एकाच वेताच्या भावंडांत, नराच्या जोड्या मादीपेक्षा जास्त असतात. दोन सापांत आठ-दहा जोड्यांचा फरक दिसला आणि शेपटीचा आकारही त्याला दुजोरा देत असेल तर उत्तर मिळालं असं समजा. एकच साप असेल तर त्याची उपजात नक्की करून तिच्या नोंदवलेल्या पल्ल्याशी आकडा ताडून बघा. मधल्या पट्ट्यात पडला तर त्यावर निकाल देऊ नका.

लांबीचं गुणोत्तर

कातीवरून लांबी मोजू नका. निघताना ती ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते, शिवाय धड आणि शेपटी सारख्याच प्रमाणात ताणली जातील याची खात्री नाही. लांबी सापाचीच घ्यावी लागते.

दोन माणसं असली तर बरं. डब्याच्या तळाशी मऊ स्पंज घाला, त्यावर साप, त्यावर ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी हलकेच टेकवा, एवढीच की साप जागेवर राहील आणि श्वास मोकळा चालेल. पाटीवर मार्कर पेनने तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीच्या कण्यावरून रेघ ओढा. गुदद्वाराची जागा वरून दिसत नाही, म्हणून साप आत घालण्याआधीच त्या ठिकाणी कुशीवर पाण्याने निघणाऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. साप परत टाकीत गेल्यावर रेघेवर दोरा बसवा आणि तो दोरा मोजपट्टीवर सरळ धरा.

शेपटीची लांबी भागिले एकूण लांबी गुणिले १००. एकूण ६४ सेंमी आणि शेपटी १६.५ सेंमी असेल तर २५.८ टक्के. एकूण ७६ आणि शेपटी १६.७ असेल तर २२ टक्के. ढोबळमानाने, बहुतेक माद्यांची शेपटी पाव भागाच्या आत राहते, बहुतेक नरांची पाव भागाच्या आसपास किंवा थोडी वर असते. मात्र पहिल्या उदाहरणात गुदद्वाराचा ठिपका एक सेंमी चुकला तर उत्तर २४.२ टक्क्यांवर येतं, म्हणजे निकालच डळमळतो. १८ सेंमीच्या पिल्लात तर दोन मिलिमीटरची चूकही एक टक्क्याहून जास्त फरक पाडते. म्हणून हे गुणोत्तर आकार आणि मोजणी यांच्या जोडीला घ्या, एकट्याने वापरू नका.

पॉपिंग आणि प्रोबिंग

पॉपिंग म्हणजे शेपटीच्या मुळाशी अंगठ्याने हलका दाब देत गुदद्वाराकडे सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने गुदद्वाराचा खवला डोक्याच्या दिशेने किंचित मागे घ्यायचा. नर असेल तर दोन लालसर हेमिपेनिस बाहेर येतात. हे जमतं ते फक्त अगदी लहान पिल्लांत, जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. मोठ्या सापाचे स्नायू ताकदवान असतात, तिथे दाब वाढवला की मणका किंवा हेमिपेनिस दुखावतं. आणि पिल्लातही काही बाहेर आलं नाही म्हणजे मादी, असं धरू नका. घट्ट आवळून बसलेला नरही तसाच दिसतो. हाताला सवय नसेल तर पिल्लावर पहिला प्रयोग करू नका, आधी माहीतगार माणसाला करताना बघा.

प्रोबिंग, म्हणजे सळई आत घालून ती किती खोल जाते ते बघणं, घरी करूच नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. गार्टर बारीक साप आहे, त्याला एक मिलिमीटरच्या आतली गोल टोकाची स्टीलची सळई लागते. ती गुदद्वाराच्या कडेने शेपटीच्या दिशेने आत जाते. मादीत ती साधारण दोन ते चार खवल्यांएवढी जाऊन थांबते, नरात सात-आठ किंवा त्याहून खोल जाते. चुका दोन्ही बाजूंनी होतात. नराने स्नायू आवळला तर सळई मध्येच अडते आणि तो मादी ठरतो. मादीत जोर लावला तर आतली पातळ भिंत फाटते, सळई खोल जाते आणि ती नर ठरते, वर जखम वेगळीच. पाचाच्या आसपास आलेलं माप म्हणजे 'ठरलं नाही' असंच लिहून ठेवायचं.

करायचंच असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम केलेल्या पशुवैद्याकडे जा. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथेच आहे, तिथे चौकशी केली तर अशा डॉक्टरांचा पत्ता लागतो. आधी फोन करून साप आणणार असल्याचं सांगा. नेताना उशीच्या अभ्र्यात साप, अभ्र्याला गाठ, आणि अभ्रा हवेची भोकं असलेल्या डब्यात ठेवा. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: सळई दोन सापांच्या मध्ये निर्जंतुक केली का, आणि वंगण पाण्यात विरघळणारं आहे का. तेल किंवा व्हॅसलीन नको.

पक्ष्यांसाठी पिसावरून होणारी डीएनए चाचणी आता सहज मिळते, म्हणून कातीचा तुकडा तिथेच पाठवायचा मोह होतो. पैसे वाया जातील. पक्ष्यांप्रमाणे गार्टरसारख्या सापांतही मादीत झेड आणि डब्ल्यू अशी वेगळी गुणसूत्रं असतात, पण ती पक्ष्यांच्या गुणसूत्रांपासून आलेली नाहीत. पक्ष्यांच्या चाचणीतलं जनुक सापात लिंग गुणसूत्रावर नसतंच. सापांसाठीच बनवलेली चाचणी असेल तरच नमुना द्या.

वागण्यावरून फसू नका

एक साप दुसऱ्याच्या पाठीवर हनुवटी घासत, अंगाच्या लाटा काढत चालला म्हणजे वरचा नर, खालची मादी, असा समज आहे. वरचा नर हे बहुधा बरोबर. खालच्याचं सांगता येत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथे हिवाळी बिळांतून हजारो गार्टर एकदम बाहेर पडतात आणि नरांचे गुंते मादीभोवती जमतात. नर मादीला ओळखतो ते तिच्या कातडीवरच्या गंधद्रव्यामुळे. पण काही नरांच्या अंगालाही नुकतेच बाहेर आल्यावर तसाच गंध असतो आणि इतर नर त्यांच्यामागे लागतात. तुमच्या टाकीतही हेच होऊ शकतं.

समागमानंतर मादीच्या गुदद्वारात नराने सोडलेला जेलीसारखा बूच दिसतो. तो दिसला तर ती मादी, यात शंका नाही. आणि तिने शुक्राणू साठवून ठेवले असतील, हेही लक्षात घ्या. नर वेगळा केल्यावर कितीतरी महिन्यांनी ती पिल्लं देऊ शकते.

ठरत नसेल तर

आकार, मोजणी आणि गुणोत्तर या तिन्हींतल्या दोन गोष्टी एकाच बाजूला झुकल्या तर वहीत 'बहुधा नर' किंवा 'बहुधा मादी' लिहा. तिन्ही झुकल्या तर 'बहुधा' काढा. प्रत्येक काढलेली कात तारीख आणि सापाचं नाव घालून पाकिटात ठेवा, पुढची कात आली की पुन्हा मोजा. तोवर साप वेगवेगळ्या टाक्यांत. हातात घेतल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना हे काम करू देऊ नका.

घरातच वेत झालं तर कामाला सोपी संधी मिळते. पिल्लं जन्मल्यानंतर लवकरच पहिली कात टाकतात. प्रत्येक पिल्लू वेगळ्या लहान डब्यात, ओल्या टिश्यूवर ठेवा, म्हणजे कुणाची कात कोणती हे गोंधळणार नाही. ती कात कागदाहूनही पातळ असते, त्यामुळे चिरू नका, ओली असतानाच काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून भिंगाखाली मोजा. सगळ्या भावंडांचे आकडे चढत्या क्रमाने लिहिले की ते बरेचदा दोन गटांत विभागलेले दिसतात, एक कमी आकड्यांचा, एक जास्त. मधे पडलेली दोन-चार पिल्लं बाजूला ठेवून पुढच्या कातीवर पुन्हा तपासा. नर आणि मादी वेगळे करायला फार उशीर करू नका. भरपूर खाऊ घातलेले नर वर्षाच्या आतही वयात येतात.